घरातला एक पलटणीत

पोरगं फौजेत का जातं, या प्रश्नाची दोन उत्तरं आपल्याकडे तयार असतात. पहिलं २६ जानेवारीला शाळेच्या पटांगणावर माईकवरून ऐकू येतं: देशासाठी. दुसरं त्याच दिवशी शाळेसमोरच्या टपरीवर, आवाज जरा उतरवून दिलं जातं: दुसरं करणार काय? जमीन दीड एकर, त्यात तीन भाऊ, आणि दहावीला पन्नास टक्के. पहिलं उत्तर देणारा बहुधा पाहुणा असतो, दुसरं देणारा गावचाच.

दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी पडतात. देशप्रेम एवढंच कारण असतं, तर भरतीची गर्दी सगळ्या जिल्ह्यांत सारखी दिसली असती. गरिबी एवढंच कारण असतं, तर सगळ्यात गरीब तालुक्यांतून सगळ्यात जास्त जवान गेले असते. प्रत्यक्षात महाराष्ट्रातली सैनिकांची गावं ठरावीक पट्ट्यांत सापडतात. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे-नगरचा काही भाग, खाली रायगड-रत्नागिरी. एका गावात घरटी एक फौजी आणि नदीपलीकडच्या गावात औषधालाही नाही, असंही दिसतं.

त्यातही प्रश्न पायदळाचा आला की तो आणखी अवघड होतो. सिग्नलमध्ये गेलेला माणूस संदेशयंत्रणा शिकतो, ईएमईतला गाड्या दुरुस्त करायला शिकतो. निवृत्तीनंतर ते हुन्नर बाजारात चालतं. पायदळातला जवान चालायला, पाठीवर ओझं वाहायला, थंडीत न हलता पडून राहायला आणि गोळी चालवायला शिकतो. शत्रूपासून त्याचं अंतर सगळ्यात कमी आणि बाहेरच्या जगात त्याच्या कामाला गिऱ्हाईकही सगळ्यात कमी. मग तिथं माणूस का जातो?

गावची पाटी

साताऱ्यापासून अठरा-वीस किलोमीटरवर, कऱ्हाडच्या अंगाला अपशिंगे नावाचं गाव आहे. त्याचं रुळलेलं नाव ‘अपशिंगे मिलिटरी’. पहिल्या महायुद्धात या एका गावातले चाळीसहून अधिक जण कामी आले. इंग्रज सरकारनं तिथं स्मृतिशिला बसवली आणि मिलिटरी हा शब्द गावाला कायमचा चिकटला. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं टाकळीही असंच ‘सैनिक टाकळी’ झालं. साताऱ्यात आणि कोकणात कितीतरी गावांच्या चावडीवर, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आजही दिसतात. गावातून किती जण लढाईला गेले आणि किती परतले नाहीत, एवढाच हिशेब त्यांच्यावर असतो. गेलेल्यांची नावं बहुधा नसतात. गावाचं नाव मात्र असतं.

बक्षीस गावाला देण्यामागे इंग्रजांचा हिशेब पक्का होता. १८५७ नंतर त्यांनी हिंदुस्थानातल्या जातीजमातींची ‘लढाऊ’ आणि ‘बिनलढाऊ’ अशी वाटणी सुरू केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या सेनापतींच्या काळात भरतीचा काटा पंजाब, नेपाळ आणि सरहद्दीकडे झुकला आणि मराठ्यांचा भाव उतरला. तो पुन्हा चढला तो मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिथं जनरल टाऊनशेंडच्या फौजेत होत्या आणि ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्की फौजेनं कुत शहराला घातलेल्या वेढ्यात अडकल्या.

कुतमधली एक गोष्ट पायदळातल्या माणसाविषयी पुष्कळ सांगून जाते. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापून मांस वाटण्याचा हुकूम निघाला. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी ते नाकारलं. धर्मगुरूंकडून परवानगीचे संदेश मागवले गेले, तरी शेवटचे काही आठवडे येईपर्यंत बरेच जण तयार नव्हते. माणसं अर्धपोटी राहिली, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, पहाऱ्यावर उभ्याउभ्या कोसळू लागली. त्यांच्या नकारामागे धर्म होताच, पण भीती गावाची होती. घोडं खाल्ल्याचं कळलं, तर परत गेल्यावर पंगतीला कोण घेईल? पोरीचं लग्न कुठं जमेल? तैग्रिसच्या काठी, हजारो मैल दूर, मृत्यू समोर दिसत असताना या माणसांच्या डोळ्यांसमोर आपल्या गावची चावडी होती.

हे लक्षात घेतलं की मूळ प्रश्नाचं एक टोक हाती लागतं. माणूस फौजेत जातो तो नाव घेऊन ओळखणाऱ्या चारशे-पाचशे लोकांच्या नजरेत कुणीतरी होण्यासाठी. भाकरी आणि देश ही दोन्ही कारणं त्या नजरेतून गाळून त्याच्यापर्यंत पोचतात.

सोळाशे मीटर

भरतीला निघालेल्या पोराशी बोलताना ‘पायदळ’ हा शब्द क्वचितच ऐकू येतो. तो म्हणतो, ‘आर्मी’. फार तर म्हणतो, ‘जीडीला उतरतोय’. जीडी म्हणजे जनरल ड्यूटी. दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३ गुण एवढ्यावर हे दार उघडतं. टेक्निकलसाठी बारावी विज्ञान किंवा आयटीआय लागतं, क्लार्कसाठी इंग्रजी आणि गणिताचे चांगले गुण. म्हणजे निम्मी निवड शाळेनं आधीच केलेली असते. जीडीत लागलेल्यांतून कुणी तोफखान्यात, कुणी रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये जातो, पण मोठा वाटा पायदळाकडे येतो. बऱ्याच जणांच्या बाबतीत पायदळाची निवड कागदावर होते आणि ती आपली आहे हे पोराला नंतर उमगतं.

त्याच्या मनात असतो तो एकच आकडा: सोळाशे मीटर. अनेक वर्षं नियम असा होता की हे अंतर साडेपाच मिनिटांत तोडलं तर ६० गुण, त्यापुढच्या पंधरा सेकंदांत तोडलं तर ४८, आणि त्यानंतर आलेल्यानं घरचा रस्ता धरायचा. बीमवर दहा पुलअप्स काढले तर ४०. नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा, अरुंद आडव्या लाकडावरून तोल सांभाळत जायचं. मग छाती, उंची, वजन आणि मेडिकल. गुडघे एकमेकांना लागतात का, तळवे सपाट आहेत का, कानात मळ आहे का, दंडावर जत्रेत हौसेनं गोंदवून घेतलेलं नाव आहे का. यातल्या कशानेही दोन वर्षांची धाव एका शिक्क्यात थांबू शकते.

ही सगळी माहिती पोराला जाहिरातीतून मिळत नाही, ती सुट्टीवर आलेल्या चुलत भावाकडून मिळते. कानातला मळ आधी काढून घे, गोंदवू नको, शेवटचे चारशे मीटर राखून पळ. ज्या गावात सांगणारा आहे त्या गावातून पुढचा जातो, आणि नसेल तिथून जात नाही. एका गावात घरटी फौजी आणि शेजारच्या गावात कुणी नाही, याचं एक साधं कारण हे आहे. लष्करालाही ते ठाऊक आहे. माजी सैनिकांच्या मुलांना गुणांची सवलत मिळते. रेजिमेंटल सेंटरांमध्ये आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि भावांसाठी वेगळी भरती निघते. गावात तिला सरळ ‘रिलेशन भरती’ म्हणतात.

घराचा हिशेबही त्यात असतोच. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात पाण्यावाचून शेती पुरत नाही, चंदगड-आजऱ्याकडे पाऊस धो धो आणि वाटण्या होऊन तुकडे हातभर. दोन्हीकडे तोडगा एकच निघाला: एक भाऊ शेतावर, एक बाहेर. बाहेर जायच्या वाटा पूर्वी दोन होत्या, मुंबईची गिरणी किंवा पलटण. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणीची वाट बुजली, पलटणीची राहिली. पंधरा वर्षांची नोकरी झाली की पेन्शन, पस्तिशी-चाळिशीत माणूस घरी, कँटीनचं कार्ड, दवाखान्याची सोय, माजी सैनिकांच्या कोट्यातून दुसरी नोकरी. गावाकडच्या दुसऱ्या कुठल्याही नोकरीत दहावी पास माणसाला एवढं एकत्र मिळत नव्हतं.

या हिशेबात एक नाव कुणी धरत नाही. नवरा सीमेवर असताना औत कुणाकडून लावायचं, सोसायटीचं कर्ज कधी भरायचं, सासऱ्यांना कऱ्हाडला दवाखान्यात कुणी न्यायचं, पोराच्या शाळेत पालक म्हणून कुणी उभं राहायचं, हे सगळं ती बघते. तो भरती होतो तेव्हा घरातली आणखी एक व्यक्ती न विचारता कामावर रुजू होते, आणि तिच्या नोकरीला सुट्टी नसते. पायदळात जवान किंवा अधिकारी म्हणून जाण्याचा मार्ग मात्र भारतात बायकांना अजून खुला नाही. लष्करी पोलिसांत महिला जवानांची पहिली तुकडी २०२१ मध्ये बाहेर पडली, पण रायफल कंपनी अजून पुरुषांचीच आहे.

बंद दार

एखादी गोष्ट माणसं का निवडतात, हे ती ज्यांना नाकारली गेली त्यांच्याकडे पाहिल्यावर जास्त कळतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमाला लढलेल्या तुकडीत ते होते आणि तिथल्या स्तंभावर त्यांची नावं कोरलेली आहेत. पलटणीत पगार होता, हुद्दा होता, मुलांना शाळा होती. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्मही महूच्या छावणीतला.

मग ‘लढाऊ जमातीं’चं शास्त्र आलं आणि १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. ज्या सवर्ण शिपायांना खांद्याला खांदा लावून उभं राहायचं नव्हतं, त्यांची सोय झाली. कोकणातले गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त सैनिक होते. त्यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट लंडनला भारतमंत्र्यांकडे विनंतीअर्ज पाठवला. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ महार ही पलटण उभी राहिली आणि गरज सरल्यावर १९२१ ला मोडली गेली. अखेर दुसऱ्या महायुद्धात, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर असताना, १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी झाली. पुढे याच रेजिमेंटच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतल्या १९८७ च्या लढाईसाठी मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

जवळपास पन्नास वर्षं चाललेला हा झगडा मरण्याचा हक्क मागणारा होता, असं वरवर वाटतं. पण गावाच्या वेशीबाहेर ठेवलेला माणूस गणवेशात, पट्ट्यावर हुद्दा लावून सुट्टीवर येतो तेव्हा त्याच्याकडे बघण्याची नजर पूर्वीसारखी ठेवणं सवर्णांना जड जातं. तीच नजर बदलायची होती. पगार दुसऱ्या नोकरीतही मिळाला असता, पण हातात बंदूक देऊन सरकारनं ज्याच्यावर भरवसा ठेवला त्याला अस्पृश्य म्हणणं अवघड होतं. दार बंद करणाऱ्यांनाही हे कळत होतं, म्हणूनच ते बंद झालं.

बेळगावात

मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. रेजिमेंटची पाळंमुळं १७६८ पर्यंत मागे जातात. पहिल्या बटालियनला ‘जंगी पलटण’ म्हणतात, दुसरीला ‘काळी पाचवी’. लष्करात मराठा जवानाला लाडानं ‘गणपत’ म्हणतात. तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला तो ४ फेब्रुवारी हा रेजिमेंटचा मराठा दिन असतो.

गावाकडून आलेल्या पोराचे केस इथं पहिल्या दिवशी उतरतात. त्याला नंबर मिळतो. उस्ताद त्याला पळवतो, रांगायला लावतो, रगडा देतो. गावात तो अमक्याचा मुलगा होता, इथं तो दहा जणांच्या सेक्शनमधला एक रंगरूट असतो. एकाची पलंगपट्टी वाकडी निघाली तर सगळा सेक्शन मैदानाला फेऱ्या मारतो. पाठीवर पिट्ठू घेऊन लांब मार्च निघतो तेव्हा मागे पडलेल्याची रायफल पुढचा उचलतो, कारण वेळ सेक्शनची मोजली जाते. बाहेरून हा नुसता छळ दिसतो. आत मात्र एक बदली होत असते: गावाच्या नजरेच्या जागी या नऊ जणांची नजर येते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करानं समाजशास्त्रज्ञांकडून हजारो सैनिकांना प्रश्न विचारून घेतले. सॅम्युएल स्टाउफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये त्याचे ग्रंथ छापले. एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जॅनोविट्झ यांनी १९४८ मध्ये जर्मन सैन्याचा असाच अभ्यास केला. दोन शत्रू सैन्यांबद्दलचा निष्कर्ष बराच जुळला: आघाडीवरच्या माणसाला धरून ठेवण्यात मोठ्या तत्त्वांपेक्षा शेजारच्या खंदकातल्या माणसांचा वाटा जास्त असतो. पुढच्या अभ्यासकांनी यात भर घातली, खोडूनही काढलं, पण पायदळातल्या कुठल्याही जुन्या सुभेदाराला हे वाचून दाखवलं तर तो मान हलवेल आणि म्हणेल, यात नवीन काय?

मराठा पलटणीच्या दोन व्हिक्टोरिया क्रॉसच्या हकिकती या दृष्टीनं वाचाव्यात. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात एका सेक्शनचे म्होरके होते. मशीनगनच्या माऱ्यात त्यांचा सगळा सेक्शन मेला किंवा जखमी झाला. एकटे उरलेले घाडगे थेट त्या मोर्चावर धावले, हातगोळा टाकला, टॉमीगन चालवली आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानं उरलेल्या दोघांना मारलं. लगेचच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय २२. नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीच्या काठी कंपनीचे निरोप्ये होते. नदी ओलांडताना त्यांची तुकडी जवळपास सगळी कापली गेली. त्यांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, चढणीवरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे पोचवलं. मग मेलेल्या साथीदारांचा सूड घ्यायला ते एकटे परत गेले, तीन मशीनगनचे मोर्चे बंद पाडले आणि बांधावर चढून रणघोष करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. सरकारी मानपत्रातच परत जाण्याचं कारण म्हणून मेलेल्या साथीदारांचा सूड नोंदलेला आहे. दोघांच्याही युद्धाचा साम्राज्याशी संबंध होता, देशाच्या स्वातंत्र्याशी उलटाच. तरी त्या क्षणी त्यांच्यासमोर साम्राज्य नव्हतं, आपल्या सेक्शनची माणसं पडलेली होती.

भरती होण्याचं कारण आणि लढण्याचं कारण वेगळं असतं ते असं. पहिलं घरून घेऊन यावं लागतं, दुसरं बेळगावात आणि पुढे पलटणीत तयार होतं. म्हणून ‘पोटासाठी गेला’ म्हणून त्याला कमी लेखणं जितकं चूक, तितकंच पहिल्या दिवसापासून त्याच्या तोंडी देशभक्तीचं भाषण घालणंही चूक. प्रशिक्षण संपताना तिरंग्याच्या आणि धर्मग्रंथाच्या साक्षीनं कसम परेड होते. त्या दिवशी आईवडिलांच्या छातीवर गौरव पदक लावलं जातं. पदक त्यांना देण्यात लष्कराचा व्यवहार दिसतो: माणूस कुठून आला, कुणी पाठवला, हे ते विसरत नाही.

चार वर्षांचा प्रश्न

कोविडच्या दोन वर्षांत भरती थांबली. काही पोरांचं मैदान झालं होतं, मेडिकल झालं होतं, फक्त लेखी बाकी होती. ती झालीच नाही आणि त्यांचं वय उलटलं. त्यानंतर १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वयोगटातल्या मुलांना चार वर्षांसाठी घ्यायचं, त्या वर्षापुरती वयाची अट तेवीसपर्यंत. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवानिधीत, तेवढीच भर सरकारची, शेवटी व्याजासह सुमारे ११.७१ लाख. पेन्शन नाही. चौघांतल्या जास्तीत जास्त एकाला पुढे कायम करायचं.

टपरीवरचं उत्तर खरं असतं तर यानंतर मैदानं ओस पडायला हवी होती, कारण पेन्शन गेली म्हणजे हिशेबाचा कणाच गेला. ओस पडली नाहीत. गर्दीचा काही भाग पोलीस भरतीकडे आणि निमलष्करी दलांकडे वळला. मैदान तेच, बूट तेच, पोलिसांनाही सोळाशे मीटरच धावायचे असतात, त्यात गोळाफेक आणि शंभर मीटरची भर. बरीच पोरं तिन्हीकडे अर्ज भरतात. तरी आर्मीचा फॉर्म भरायचा राहत नाही.

लष्करात चार वर्षांच्या नोकरीत रायफल शिकता येते. पलटणही आपली होते, पण कितपत? जो चौथ्या वर्षी शेजारच्या पलंगावरच्या मित्राशी एका जागेसाठी स्पर्धा करणार आहे, तो लांब मार्चमध्ये त्याची रायफल उचलेल का, हा प्रश्न माजी सैनिक उघड विचारतात. लष्करातले अधिकारी म्हणतात की तरुण फौज हवीच होती आणि पोरं उत्तम आहेत. दोघांकडे आपापले दाखले आहेत, आणि याचा निकाल परेडच्या मैदानावर लागत नसतो.

पण दुसऱ्या एका प्रश्नाचा निकाल गावातच लागणार आहे. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून संपू लागतात. त्यातले बहुतेक बावीस-पंचवीस वर्षांचे असताना घरी येतील. केंद्रीय दलांत त्यांच्यासाठी १० टक्के जागा राखण्याची घोषणा २०२२ मध्येच झाली होती, आणि पोलिसांत जाण्याची धडपड ते करतीलच. तोवर चावडीवर त्यांना काय म्हणून ओळखायचं? पस्तिशीत पेन्शन घेऊन आलेला माणूस गावात ‘फौजी’ म्हणून बसत होता. सरपंचाच्या निवडणुकीत त्याचा शब्द चालत होता. पुढच्या पोराला तोच मैदानावर नेत होता. चार वर्षांनी परतलेल्याला गाव तीच जागा देणार, की ‘याचं पुढं झालं नाही’ म्हणून बाजूला सारणार?

सेवानिधी किती आणि आरक्षण किती, हे दिल्लीत ठरेल. पोरगं पायदळात का जातं याचं उत्तर मात्र बराच काळ गावानंच दिलं आहे आणि पुढेही तेच देईल. ज्या दिवशी चार वर्षं काढून आलेल्या पोराच्या मुलीला मागणी घालताना समोरचा बाप म्हणेल की फौजीचं घर आहे, त्या दिवशी अग्निपथ इथं रुजला असं म्हणता येईल. तसं झालं नाही, तर सोळाशे मीटर पळणारी पोरं कमी होतील, आणि त्याचं कारण कुठल्याही सरकारी अहवालात सापडणार नाही.